गुलमर्गला बर्फ मिळेल का? अंदाज वाचायचा कसा

जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे फोटो देशभर फिरले, ते बर्फ नाही म्हणून. ज्या उतारांवर ऐन हिवाळ्यात स्की शिकणाऱ्यांची गर्दी असते, तिथे वाळलेलं गवत दिसत होतं. महिना सरता सरता बर्फ आला आणि फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’चे हिवाळी खेळ तिथेच पार पडले. पुढच्या वर्षी पुन्हा तीच चिंता. 22 ते 25 फेब्रुवारी 2025 असे ठरलेले खेळ बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले आणि अखेर 9 ते 12 मार्चला झाले.

या बातम्या आपल्याकडे इतक्या वाचल्या जातात, कारण दिवाळी संपली की पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत काश्मीरची बुकिंगं सुरू होतात. घरोघरी एकच प्रश्न असतो, “आपल्या तारखांना बर्फ मिळेल ना?” मग सगळे फोनवर हवामानाचं अ‍ॅप उघडतात. त्यात हिमकणाचं चित्र दिसलं की आनंद, सूर्य दिसला की हिरमोड. प्रत्यक्षात हिमकण दाखवलेल्या दिवशी हॉटेलबाहेर पाऊस पडतो, आणि सूर्य दाखवलेल्या दिवशी वर गुडघाभर ताजा बर्फ असतो. अंदाज चुकला असं आपण म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा अंदाज चुकलेला नसतो, आपण त्याला अर्धाच प्रश्न विचारलेला असतो. बर्फ पडेल का, एवढं विचारून भागत नाही. तो कुठल्या उंचीवर पडेल, त्यात पाणी किती असेल आणि पडल्यावर त्याचं काय होईल, हेही विचारावं लागतं.

एवढी थंडी पडलीय, मग बर्फ का नाही?

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’ मानतात. कडाक्याच्या थंडीचा हा काळ. या दिवसांत श्रीनगरचा पारा रात्री शून्याच्या खाली जातो, दल सरोवराच्या कडा गोठतात, नळातलं पाणी थिजतं. आपल्याला वाटतं, एवढ्या गारठ्यात बर्फ पडणारच.

पण बर्फ व्हायला हवेत ओल लागते, आणि काश्मीरच्या हिवाळ्यात ती ओल घेऊन येतात पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होऊन वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण-अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींना हे नाव आहे. वाटेत त्यांना भूमध्य, कॅस्पियन आणि अरबी समुद्रावरची ओल मिळते. हिवाळ्यात अशा प्रणाली महिन्याला चार-सहा तरी येतात, पण प्रत्येकीत दम नसतो. काही नुसते ढग दाखवून जातात, काही उत्तरेकडून निघून जातात.

झंझावात आला नाही की आकाश निरभ्र राहतं. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता वर निघून जाते आणि किमान तापमान आणखी घसरतं. म्हणजे रात्रीचा विक्रमी गारठा हे बऱ्याचदा कोरड्या हवेचं लक्षण असतं. जानेवारी 2024 मध्ये हेच झालं. रात्री गोठवणाऱ्या, दुपारी नेहमीपेक्षा उबदार, आणि डोंगर कोरडे. म्हणून ‘श्रीनगर उणे पाच’ ही बातमी वाचून बर्फाची आशा धरू नका. बातमीत ‘पश्चिमी झंझावात’ हे शब्द आहेत का, आणि त्याला ‘सक्रिय’ म्हटलंय का, ते शोधा.

हे झंझावात आपल्यालाही परके नाहीत. एखादा मोठा झंझावात उत्तरेत बर्फ टाकून पुढे गेला की त्याच्या मागून उत्तरेचे गार वारे खाली उतरतात, आणि दोन-तीन दिवसांनी निफाडचा पारा घसरल्याची आणि द्राक्षबागायतदारांच्या काळजीची बातमी येते. गुलमर्गचा बर्फ आणि निफाडची थंडी यांचा उगम पुष्कळदा एकच असतो.

गुलमर्ग म्हणजे नेमकी कुठली उंची?

माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

गुलमर्गचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण 2,650 मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदूरीला जातो, सुमारे 3,050 ते 3,100 मीटरवर. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर 3,950 मीटरच्या आसपास सोडतो. खाली, गुलमर्गच्या वाटेवरचं टंगमर्ग पठाराहून पाचशे-एक मीटर कमी उंचीवर आहे. एकाच डोंगराच्या एकाच बाजूला जवळजवळ दोन किलोमीटरचा चढ झाला.

वर जाताना हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. त्यामुळे पठारावर पारा 1 अंश असेल, तर कोंगदूरीला उणे 2 च्या आसपास आणि अफरवटच्या टोकाला उणे साडेसात. एकाच क्षणी टंगमर्गला पाऊस, पठारावर ओला बर्फ आणि वर कोरडा भुसभुशीत बर्फ पडू शकतो, आणि फोन मात्र ‘गुलमर्ग’ नावाखाली एकच चित्र दाखवतो.

अंदाजात ‘फ्रीझिंग लेव्हल’ हा शब्द दिसला की तिथे नीट बघा. हवेचं तापमान ज्या उंचीवर शून्य होतं, ती ही पातळी. बर्फ त्या रेषेवर लगेच वितळत नाही. पडता पडता तो अजून दोनशे-तीनशे मीटर खाली टिकतो, कारण वितळायला वेळ लागतो आणि वितळताना तो आजूबाजूची हवाही गार करतो. हवा कोरडी असेल तर आणखी खालीपर्यंत पोचतो, आणि पडण्याचा जोर वाढला तर बर्फाची रेषा बघता बघता खाली सरकते. सकाळी पाऊस म्हणून नाराज झालेली मंडळी दुपारी त्याच जागी बर्फ झेलतात, ते यामुळे.

समजा, उद्यासाठी फ्रीझिंग लेव्हल 2,800 मीटर दिली आहे. त्यातून अडीचशे वजा केले की बर्फाची रेषा आली 2,550 ला. पठार 2,650 वर आहे, म्हणजे तिथे बर्फ पडेल, पण ओला आणि जड. कपडे भिजतील, रस्त्यावर चिखल होईल. टंगमर्गला पाऊस. कोंगदूरीच्या वर मात्र उत्तम. उलट फ्रीझिंग लेव्हल 1,800 असेल तर टंगमर्गपासूनच सगळं पांढरं आणि पठारावर कोरडा बर्फ. दोन्ही दिवशी अ‍ॅपवरचं चित्र तेच असेल, पण अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक.

फोनवरचं चित्र इतकं कसं चुकतं?

अ‍ॅपमागे संगणकी प्रारूप असतं, रोजच्या भाषेत मॉडेल. ते पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनासाठी एक हवामान काढतं. जगभरात वापरलं जाणारं युरोपीय मॉडेल साधारण 9 किलोमीटरचे चौकोन धरतं. भारतीय हवामान विभागाचं मॉडेल बरीच वर्षं 12 किलोमीटरचं होतं, आणि मे 2025 मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे 6 किलोमीटरचं मॉडेल आलं. टंगमर्ग ते गुलमर्ग रस्त्याने जेमतेम 13 किलोमीटर, हवाई अंतर त्याहून बरंच कमी. म्हणजे दरी, पठार आणि शिखर कधी कधी एकाच चौकोनात जातात आणि मॉडेल त्यांची सरासरी उंची धरतं. त्या सरासरी उंचीवर कोणीच राहत नाही आणि कोणी स्कीही करत नाही.

डोंगर ओल कशी पिळून काढतो, हेही मोठ्या चौकोनात नीट पकडता येत नाही. हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि पसरणी घाट उतरून वाईत आलं की हजाराच्याही आत. पीर पंजालच्या रांगेला अडून वर चढणारी दमट हवाही तशीच वागते. एकाच झंझावातात श्रीनगरला शिंतोडे आणि गुलमर्गला फूटभर बर्फ, हे तिथे नेहमीचंच.

मग अ‍ॅप बघायचंच नाही का?

जरूर बघा, पण डोंगरासाठी केलेले अंदाज बघा. स्कीसाठी असलेल्या संकेतस्थळांवर पायथा, मध्य आणि टोक असे तीन वेगळे आकडे मिळतात. ‘विंडी’सारख्या अ‍ॅपमध्ये दोन-तीन मॉडेलं शेजारी शेजारी लावता येतात. ती एकमेकांशी जुळत असतील तर भरवसा जास्त. एक 5 सेंटिमीटर म्हणतंय आणि दुसरं 50, तर अजून कोणालाच काही नक्की कळलेलं नाही असं समजा.

सोबत हवामान विभागाच्या श्रीनगर केंद्राचं पत्रकही वाचा. त्यातले शब्द आपण पावसाळ्यात रोज ऐकतो, पण त्यांना ठरलेला अर्थ आहे हे फारसं कोणी सांगत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ पंचाहत्तरपर्यंत, आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. हे शब्द किती जागी पडेल ते सांगतात, किती पडेल ते नाही. पत्रकात ‘उंचावरील भागात’ आणि ‘मैदानी भागात’ असा फरक केलेला असतो, तो तर अजिबात नजरेआड करू नका. गुलमर्ग उंचावरच्या भागात येतं.

इशाऱ्यांच्या रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग बर्फ किती ते नाही, त्याचा परिणाम किती ते सांगतो. नारिंगी इशारा पाहून ‘वा, भरपूर बर्फ’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की त्याच दिवशी श्रीनगरची विमानं रद्द होतात, जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडतो आणि टंगमर्गच्या वर फक्त फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. परतीचं विमान त्या दिवशी असेल तर हातात एक दिवस जादा ठेवा.

सेंटिमीटर आणि मिलिमीटर

अंदाजात कधी मिलिमीटर असतात, कधी सेंटिमीटर. मिलिमीटर हे पाण्याचं माप, म्हणजे पडलेला बर्फ वितळवला तर किती पाणी होईल ते. सेंटिमीटर ही प्रत्यक्ष थराची उंची. ढोबळ हिशेब असा, की एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक सेंटिमीटर बर्फ. पण हा हिशेब गारठ्यावर बदलतो. शून्याच्या आसपास 10 मिलिमीटर पाण्याचा पाच-सात सेंटिमीटर जड बर्फ होतो. बराच गारठा असेल तर त्याच पाण्याचा पंधरा सेंटिमीटर किंवा जास्त हलका बर्फ होतो.

कापसाची गादी आठवा. पिंजाऱ्याने नुकता पिंजलेला कापूस खोलीभर होतो. तोच कापूस गादीत भरून दोन वर्षं झोपलात की चार बोटं उरतो. वजन तेवढंच, उंची कमी. बर्फाचंही असंच. पहिल्या रात्री 40 सेंटिमीटर पडलेला थर दुसऱ्या दिवशी बसून पंचवीस-तीसच भरला, तर बर्फ वितळला असं समजू नका. तो दबला. म्हणून ‘गेल्या 24 तासांतला नवा बर्फ’ आणि ‘एकूण थर’ हे दोन आकडे एकमेकांत बेरजेला घेता येत नाहीत. आणि एकूण थर कुठे मोजलाय तेही विचारा. वर दीड-दोन मीटर बर्फ असताना खाली पठारावर गवताची टोकं दिसत असू शकतात, आणि जाहिरातीत अर्थातच वरचा आकडा छापला जातो.

पडलेल्या बर्फाचं पुढे काय होतं?

बर्फ जमिनीवर आला की त्याचं आयुष्य सुरू होतं. वारा, ऊन आणि माणसं त्याला सतत बदलत असतात.

त्याची जात ओळखायला एक सोपी कृती आहे. हातमोजा घालून मूठभर बर्फ उचला आणि दाबा. गोळाच होत नाही, हातातून भुरभुर सुटतो, तो कोरडा बर्फ. स्कीवाले त्याला ‘पावडर’ म्हणतात आणि त्यासाठी सातासमुद्रापलीकडून गुलमर्गला येतात. सहज गोळा झाला तर बर्फ शून्याच्या आसपास आहे, दमट आहे. दाबल्यावर पाणी सुटलं तर तो ओला, दुपारपर्यंत त्याचा लगदा होणार. यात एक गंमत आहे. मुलांना गोळे करून एकमेकांवर फेकायचे असतात, आणि पावडरचे गोळे होत नाहीत. स्कीवाल्याचा सर्वोत्तम दिवस मुलांना निराश करतो. कोणता बर्फ चांगला, हे तुम्ही काय करायला आलात त्यावर ठरतं.

दिवसा वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर कडक पापुद्रा धरतो. पहिल्यांदा स्की घालणाऱ्याला सकाळी नऊ वाजता अशा पापुद्र्यावर उभं करणं म्हणजे त्याची हौस तिथेच संपवणं. गुलमर्ग 34 अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथलं मार्चचं ऊन आल्प्सच्या मार्चपेक्षा बरंच कडक असतं. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये खालच्या उतारांवर वेळ साधावी लागते. पापुद्रा मऊ पडला की शिका, लगदा व्हायच्या आत थांबा. सावलीतल्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवरचा बर्फ मात्र पुष्कळ दिवस कोरडा राहतो.

बर्फ भरपूर, ऊन लख्ख, आणि तरीही गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद, असंही होतं. कारण बहुधा वारा. खाली झाडाचं पान हलत नसताना अफरवटच्या खांद्यावर वाऱ्याने उभं राहू देऊ नये, असे दिवस हिवाळ्यात पुष्कळ येतात. पठाराचा वारा बघून उपयोग नाही. ‘विंडी’वर उंची 4,200 मीटर किंवा (हवेच्या दाबात दिली असेल तर) 600 हेक्टोपास्कल निवडा आणि तिथला वारा बघा.

महिनाभर आधी बुकिंग करायचं तर?

महिनाभर आधी कोणत्याही दिवसाचा बर्फ सांगता येत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सात-दहा दिवस आधी एखादा झंझावात येतोय एवढं दिसू लागतं. पाच दिवसांवर त्याची ताकद कळते, आणि फ्रीझिंग लेव्हलवर विसंबायचं तर दोन-तीन दिवस आधीचाच अंदाज. त्यामुळे तारखा हवामानावर नव्हे, सरासरीवर ठरवा. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर हा काळ डिसेंबरपेक्षा कितीतरी भरवशाचा. नाताळची सुट्टी आपल्याला सोयीची असते, पण बर्फाचा थर तोवर बसलेलाच असेल याची खात्री नसते. डिसेंबरमध्येच जायचं असेल तर गोंडोलाने वर जाण्याची तयारी ठेवून जा. तिकिटं आगाऊ ऑनलाइन मिळतात आणि लवकर संपतात.

“हे सगळं हवामानबदलामुळेच ना?” हा प्रश्न हमखास येतो. एका कोरड्या जानेवारीवरून ते ठरवता येत नाही. 2023-24 च्या हिवाळ्यात एल निनो होता, आणि झंझावातांची संख्या व वाट वर्षागणिक बदलतेच. पण एक हिशेब सरळ आहे. हवा 1 अंशाने तापली तर बर्फाची रेषा साधारण दीडशे मीटर वर सरकते. अफरवटच्या टोकाला याने लगेच काही बिघडत नाही. पठारावर मात्र बिघडतं. आणि नवशिक्यांचे उतार, घसरगाड्या ओढणाऱ्यांची रोजी, शाळकरी मुलांची शिबिरं सगळी पठारावरच आहेत. चिल्लई कलांमधला बर्फ गोठून टिकतो आणि उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी देतो, मार्चचा बर्फ लगेच वाहून जातो. काश्मिरी माणूस बर्फाची वाट बघतो ती पर्यटकांसाठी आहेच, पण त्याहून जास्त शेतासाठी आणि प्यायच्या पाण्यासाठी.

सर्वात सुंदर दिवस सर्वात धोक्याचा

मोठी हिमवृष्टी झाली, रात्रीतून आकाश उघडलं, सकाळी निळं आभाळ आणि कोणाचं पाऊलही न पडलेला उतार. अ‍ॅपवर सूर्य. हिमस्खलनाचा धोका नेमका अशा वेळी सर्वाधिक असू शकतो, कारण नव्या थराचं वजन खालच्या थरांवर नुकतंच पडलेलं असतं.

लांबलेल्या कोरड्या थंडीत जमिनीवरचा पातळ बर्फ आतून बदलतो. जमीन त्यातल्या त्यात उबदार, वरची हवा फार गार, त्यामुळे थरातली वाफ वर सरकते आणि खालच्या कणांचे सुटे, कोरडे, एकमेकांना न धरणारे दाणे होतात. त्यावर फूट-दोन फूट नवा बर्फ बसला की पाया कच्चा आणि वर ओझं. 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका माणसाच्या भारानेही असा थर सुटू शकतो. म्हणून उशिरा आलेल्या मोठ्या हिमवृष्टीचं स्वागत करताना तिच्याआधी किती दिवस कोरडे गेले, हेही पाहावं लागतं.

गुलमर्गने याची किंमत मोजली आहे. 8 फेब्रुवारी 2010 रोजी सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान इथल्या हिमस्खलनात गेले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर, आणि 22 फेब्रुवारी 2024 रोजी, खाली खेलो इंडियाचे खेळ चालू असताना, वरच्या भागात एक रशियन स्कीअर.

हिमस्खलनाचा इशारा हवामानाच्या अंदाजापेक्षा वेगळा असतो. आपल्याकडे तो संरक्षण संशोधन संस्थेची चंडीगडची डीजीआरई ही शाखा जिल्हावार आणि उंचीनुसार देते. जगात बहुतेक ठिकाणी धोक्याच्या पाच पातळ्या धरतात. त्यातल्या तिसरीला लोक ‘मधली’ समजून हलकं घेतात, पण युरोपातल्या जीवघेण्या अपघातांचा मोठा वाटा याच पातळीच्या दिवशी घडतो.

पठारावर बर्फात खेळणाऱ्या कुटुंबाला याची भीती बाळगायचं कारण नाही. तिथला उतार सौम्य आहे. दुसऱ्या टप्प्यावरून आखलेल्या भागाबाहेर उतरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांच्या सुरक्षा पथकाने, भाग बंद केला असेल तर हुज्जत घालू नका, आणि स्थानिक मार्गदर्शकाशिवाय जाऊ नका. अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओयंत्र), पाठीवर फावडं आणि शोधकाठी प्रत्येकाकडे हवी, कारण गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते आणि तेवढ्या वेळात खालून मदत पोचत नाही. खणायला असतात ते फक्त बरोबरचे.